नॅशनल पार्कची मागची दारं

गेल्या अंकात मी सहज लिहून गेले की रविवारी सकाळी बोरिवलीच्या नॅशनल पार्कात जाण्यापेक्षा मी घरी बसून मेथी निवडेन. त्या एका वाक्यावर एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. बहुतेकांनी ‘मग जायचं कुठे ते सांगा’ म्हटलंय, एकांनी चांगलं झापलंय. म्हणून या वेळचं पान सगळं त्यांनाच. ज्यांनी हे सदर आजच उघडलं त्यांच्यासाठी: मी दहिसरला राहते, ३१ वर्षं पालिकेच्या शाळेत शिकवलं, आता निवृत्त आहे. वनखात्याशी माझं नातं तिकीट काढणारीचं आणि परवानगीचे अर्ज भरणारीचं, त्यापलीकडे काही नाही.

प्रश्न: ताई, आम्ही नवरा-बायको दोघंच, पन्नाशी ओलांडलेले. परवाच्या रविवारी पार्कात गेलो. गेटवर रांग, आत गेल्यावर कुणाच्या तरी स्पीकरवर गाणी, रस्त्याच्या मधोमध सेल्फी. घरी आलो ते डोकं धरूनच. गाडी नाही, पण पाच-सहा किलोमीटर चालायची तयारी आहे. या जंगलात शांत कोपरा उरलाय का? — एक वाचक, दादर

उत्तर: उरलाय की! नॅशनल पार्क म्हणजे बोरिवलीचं गेट, ही आपली पश्चिम रेल्वेवाल्यांची समजूत. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान १०४ चौरस किलोमीटरच्या आसपास आहे आणि त्याचा मोठा तुकडा ठाणे जिल्ह्यात येतो. तुम्ही ज्या गर्दीत सापडलात ती गेटपासून दीड-दोन किलोमीटरांत आणि तिथून कान्हेरीच्या लेण्यांकडे जाणाऱ्या डांबरी रस्त्यावर असते. माणूस स्वभावाने डांबर सोडत नाही. बाकीचं बरंचसं जंगल आपल्याला बंद आहे, आणि ते बंद आहे तेच बरं. १८६०चा विहार तलाव आणि १८७९चा तुळशी तलाव अजून मुंबईला पाणी पाजतात. तिथं आपल्याला मोकळं सोडलं तर काठाचं काय होईल ते रविवारी संध्याकाळी जुहूला जाऊन बघावं.

तुमच्यासारख्यांना मी येऊरला पाठवते. ठाणे स्टेशनवरून टीएमटीची बस मिळते. उपवन तलाव मागे पडला की ती डोंगर चढायला लागते. शक्य तितकी सकाळची बस धरा आणि आठवड्यातला मधला वार निवडा. हे दुसरं मी आग्रहाने सांगते, कारण शनिवार-रविवारी येऊरलाही बंगल्यांतल्या पार्ट्या, हॉटेलं आणि बुलेटचे आवाज आहेतच. बोरिवलीची गर्दी टाळून येऊरच्या गर्दीत पडण्यात काय हशील? मंगळवार-बुधवारी मात्र बसमध्ये कामावरून परतणारी पाड्यांवरची माणसं आणि तुम्ही, एवढेच असता. वर हवाई दलाचा तळ आहे, त्या बाजूला फोटो काढू नका.

पाटोणापाड्याला उतरलात की लगेच पायवाट शोधायला धावू नका. आधी रस्त्यानेच चाला. येऊरचे पाडे वारल्यांचे, शहर डोंगराखाली येऊन टेकायच्या कितीतरी आधीचे. त्यांच्या अंगणांसमोरून जाताना आपण कुणाच्या तरी दारातून जातोय हे लक्षात असू द्या. मी हे सांगते कारण एकदा आमच्याबरोबर आलेल्या एका गृहस्थांनी चुलीपुढे बसलेल्या आजींचा न विचारता फोटो काढला. आजी काही बोलल्या नाहीत. उठल्या आणि दार लावून घेतलं. त्या दाराचा आवाज मला अजून ऐकू येतो.

जूनमध्ये पहिल्या पावसानंतर गेलात तर रस्त्याच्या कडेला बायका रानभाज्या घेऊन बसलेल्या दिसतील. त्यांच्याकडची शेवळं घ्या. जमिनीतून वर आलेले जांभळट-तपकिरी कोंब, टोकाला पिवळसर दांडी, दहा-बारांची जुडी. पहिल्यांदा मी नुसती जुडी उचलून पैसे पुढे केले तर त्या बाई पैसे घेईचनात. शेजारच्या पानावरची हिरवी, बोराएवढी काकडं ओंजळभर माझ्या पिशवीत टाकली आणि म्हणाल्या, “याच्याबिगर खाशील तं घसा धरंल.” शेवळांमध्ये सुईसारखे बारीक स्फटिक असतात, ते जीभ आणि घसा खाजवून सोडतात. काकडांच्या आंबटपणाने ती खाज मरते. पिवळी दांडी काढून टाकायची, बाकीचं बारीक चिरून तेलावर चांगलं परतायचं, काकडांचा रस घालून शिजवायचं. आमच्या घरी सोड्यांबरोबर करतात.

जंगलात शिरणारी पायवाट वनखात्याच्या चौकीतून, नोंद करून, तिकीट काढून धरायची. चौकीवर कोणत्या वाटा उघड्या आहेत ते विचारायचं आणि सांगतील तेवढंच चालायचं. पावसाळ्यात ओढ्यांकडे जायला पुष्कळदा मनाई असते. तेव्हा वाद घालू नका, रस्त्यावरूनही भरपूर मिळतं. जूनच्या सुमाराला इथं नवरंग पक्षी येतो. नावाप्रमाणे नऊ रंगांचा, पण दिसायचा म्हणजे नशीब लागतं. तो खाली पालापाचोळ्यात उड्या मारत किडे वेचत असतो. ऐकू मात्र पहाटे नक्की येतो: दोन सुरांची शीळ, एक चढता, एक उतरता, मध्ये श्वासभर थांबणं. तुम्ही थांबून ऐकलंत तर पाच मिनिटांत लक्षात येतं की एक इकडून विचारतोय आणि दुसरा लांबून उत्तर देतोय. वरून पावशाचं ‘पेरते व्हा’ चालूच असतं. म्हणजे ‘शांत’ म्हणाल तर जंगल मुळीच शांत नसतं. आपलाच आवाज बंद होतो.

परतीच्या बसची वेळ जातानाच कंडक्टरला विचारून ठेवा. मी एकदा विचारली नव्हती, खाली उपवनपर्यंत चालत आले.

प्रश्न: आमचा सात-आठ जणांचा ग्रुप आहे, सगळे भाईंदर-मिरा रोडचे. ‘नागला ब्लॉक’ असं नाव ऐकलंय. तो पार्काचाच भाग आहे म्हणतात, पण नकाशात बघितलं तर पार्क खाडीच्या अलीकडे संपतं. नक्की काय भानगड आहे? — एक वाचक, भाईंदर

उत्तर: भानगड खरी आहे. पार्काचा एक तुकडा वसईच्या खाडीच्या पलीकडे, उत्तरेला आहे, तोच नागला ब्लॉक. तिथून पुढे जंगल तुंगारेश्वर अभयारण्याकडे जातं. बिबट्यासारख्या जनावराला या जंगलातून त्या जंगलात जायचं तर हाच उंबरठा, म्हणून जाणकार या तुकड्याला फार जपतात. नकाशात मध्ये खाडी आणि हायवे बघितला की जनावरं कशी येत-जात असतील याची कल्पना करून दमायला होतं.

आता माझी फजिती सांगते, म्हणजे तुमची टळेल. पहिल्यांदा निघालो तेव्हा आम्ही चार बायका होतो. रिक्षावाल्याला ऐटीत सांगितलं, “नागला.” त्याने घोडबंदर रोडने ठाण्याच्या दिशेला नेऊन नागला बंदरला उतरवलं. चूक त्याची नाही, आमच्या तोंडून ‘ब्लॉक’ हा शब्द निघालाच नव्हता आणि निघाला असता तरी त्याला काय कळणार होतं? समोर खाडी, खाडीपलीकडे हिरवागार डोंगर, आणि तोच आम्हाला हवा होता! एक मैत्रीण पोहता येणाऱ्यांनी हात वर करा म्हणाली. शेवटी काठावर बसून डबे खाल्ले आणि घरी आलो.

तर तुम्हाला जायचं आहे ते काशीमिऱ्याहून अहमदाबाद हायवेने, खाडीवरचा वर्सोवा पूल ओलांडून, ससूनवघरच्या बाजूला. (हा वर्सोवा अंधेरीचा नव्हे, वरसावे गावाचा. अंधेरीच्या लोकांनी मेट्रोत बसून शोधू नये.) पुलावरून जाताना डाव्या-उजव्या हाताला खाडीचा जो पसारा दिसतो तिथेच एके काळी घोडबंदरला घोड्यांचा व्यापार चालायचा, म्हणून ते नाव. पोर्तुगीजांचा किल्लाही गावात आहे, परतताना बघून घ्या.

नागल्याची परवानगी आधी घ्यायची आणि माहितगार सोबत असल्याशिवाय जायचं नाही. सात-आठ जण असाल तर अर्ज एकाच्या नावाने करा, बाकीच्यांची ओळखपत्रं जोडा आणि परवानगीचा कागद खिशात ठेवा. फोनमधला फोटो ऐन वेळी उघडत नाही.

वाट खाडीच्या बाजूबाजूने जाते. बोरिवलीला मिळत नाही ते इथलं म्हणजे जंगल आणि खारफुटी शेजारी शेजारी. एका हाताला ऐन, कुंभा, काटेसावर, आणि दुसऱ्या हाताला तिवरं चिखलात पाय रोवून उभी. ओहोटीची वेळ बघून जा. पाणी मागे सरलं की चिखलावर निवट्या दिसतात. मासा असून चिखलावर उड्या मारत चालतो, डोळे डोक्यावर बेडकासारखे. आमच्यातली एक जण पंधरा मिनिटं उकिडवी बसून दोन निवट्यांचं भांडण बघत होती. दोघंही पाठीवरचा पर ताठ उभारून एकमेकांना दाखवायचे, मग एकदम तोंडं उघडून अंगावर जायचे, आणि लगेच काहीच झालं नाही अशा थाटात चिखल चाखत बसायचे. ती म्हणाली, आमच्या सोसायटीची मीटिंग अशीच असते.

सावली कमी आहे, पाणी माणशी दोन लिटर हवंच. एप्रिल-मे महिन्यांत जाऊ नका.

प्रश्न: आई ७४ वर्षांची आहे. गुडघे दुखतात, पण एकदा कान्हेरी बघायचीच म्हणते. एवढ्या गर्दीत तिला कशी नेऊ? — एक वाचक, विलेपार्ले

उत्तर: न्या, जरूर न्या. फक्त मधल्या वारी न्या आणि सकाळी गेट उघडताना हजर राहा. सोमवारी उद्यानही बंद, लेणीही बंद. मुख्य गेटपासून लेणी सहाएक किलोमीटरवर आहेत, तेव्हा आतल्या गाडीचीच सोय बघा. चालत जाण्याचा हट्ट आईंना करू देऊ नका.

कान्हेरीत शंभराहून जास्त लेणी आहेत, इसवी सनाच्या आगेमागे सुरू होऊन दहाव्या शतकापर्यंत खोदत गेलेली. तुमच्या आईंनी सगळी बघायची काहीच गरज नाही. तिसऱ्या क्रमांकाचं चैत्य पायऱ्या संपल्या की लगेच येतं. व्हरांड्याच्या दोन टोकांना सात-सात मीटर उंचीचे दोन बुद्ध उभे आहेत. आत जाऊन खांबाला टेकून बसा. पहिली गाडी आणि दुसरी गाडी यांच्यामध्ये जो वेळ मिळतो तेवढ्यात हे चैत्य तुमचं. मी माझ्या आईला नेलं होतं तेव्हा तिने आत बसून हळूच एक ओवी म्हटली. ती म्हणून झाल्यावर दगडाने ती थोडी आणखी म्हटली. माझ्या आईला गाता येत नव्हतं. हे तिला स्वतःला माहीत होतं, म्हणून घरी ती कधी गायची नाही.

आई बसल्या आहेत तोवर सोबतीला कुणी असेल तर तुम्ही एकट्या वर जाऊन या. गर्दी तिसऱ्या आणि अकराव्या लेण्यांच्या वर फारशी चढत नाही. वरच्या लेण्यांत भिक्खूंच्या खोल्या आहेत, दगडात कोरलेले ओटे आहेत आणि जवळजवळ प्रत्येक दारापाशी पाण्याचं टाकं. तिथल्या शिलालेखांत त्याला ‘पोढी’ म्हटलंय. कड्यावरून पावसाचं पाणी आणून टाक्यात सोडणारे बोटभर रुंदीचे चर बघा. ऑगस्टमध्ये गेलात तर दीड-दोन हजार वर्षांपूर्वी खोदलेल्या चरातून आजचं पाणी धावताना दिसतं, काठाशी थोडं अडखळतं आणि आत पडतं. आमच्या इमारतीची गच्चीवरची पन्हळ मागच्याच वर्षी बांधली, ती गळते.

माकडांपुढे पिशवी उघडायची नाही. केळं तर अजिबात नाही.

प्रश्न: मॅडम, मी एसवाय बीकॉमला आहे. इन्स्टावर येऊरच्या आत एक धबधबा बघितला, खाली मस्त कुंड आहे. लोकेशन कुणी देत नाही. तुम्हाला माहीत असेलच. प्लीज. — एक विद्यार्थी, डोंबिवली

उत्तर: माहीत आहे. देणार नाही. त्या कुंडात दरवर्षी पोहायला म्हणून पोरं जातात. वर डोंगरात कुठे पाऊस पडला की खाली पाणी मिनिटांत चढतं, आणि तुला वर पडलेला पाऊस दिसत नसतो. शिवाय परवानगीशिवाय राष्ट्रीय उद्यानात शिरणं हा १९७२च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. तुला चालायचंच आहे ना? मग बोरिवलीच्या निसर्ग माहिती केंद्रात जाऊन शिलोंडा ट्रेलची चौकशी कर. वनखात्याचा माणूस सोबत असतो, वाटेत ओढाही आहे, आणि संध्याकाळी आईला फोन करून ‘निघालो’ म्हणता येतं.

प्रश्न: शांत भागात जायचं म्हणजे बिबट्याची भीती जास्त ना? माझी मिसेस तयारच होत नाही. — एक वाचक, मुलुंड

उत्तर: तुम्ही मुलुंडला राहता म्हणजे बिबट्या तुमच्या मिसेसच्या शेजारीच राहतो, जंगलात गेल्याने फार फरक पडत नाही. चेष्टा सोडा. २०१५मध्ये कॅमेरे लावून मोजणी झाली तेव्हा या भागात ३५ बिबटे आढळले होते. एवढे बिबटे आणि भोवती एवढी माणसं. तरी मी एवढ्या वर्षांत दोनदाच पाहिला, दोन्ही वेळा शेपटीकडून. तो आपल्याला टाळतो, आपण त्याला मदत करायची: उजाडल्यावर जायचं, मावळायच्या आत बाहेर पडायचं, एकटं-दुकटं मागे राहायचं नाही, लहान मूल पुढे पळू द्यायचं नाही, आणि आडोशाला उकिडवं बसायचं नाही. उभा माणूस त्याला माणूस वाटतो, बसलेला वाटेलच असं नाही.

२००४च्या उन्हाळ्या-पावसाळ्यात इथं बिबट्यांनी बरीच माणसं मारली, ते वर्ष आम्ही कडेला राहणारे विसरलेलो नाही. नंतर अभ्यासकांनी दाखवून दिलं की एका ठिकाणचा बिबट्या पकडून दुसरीकडे सोडल्याने प्रश्न उलट वाढतो. पकडापकडी कमी झाली, लोकांना सावध केलं गेलं, कचऱ्याकडे लक्ष गेलं. कचऱ्यामागे कुत्री येतात, कुत्र्यांमागे बिबट्या. वारल्यांना हे आपल्याआधी ठाऊक होतं. पाड्यांवर वाघोबाचं ठाणं असतं, शेंदूर लावलेलं. वाघबारशीला त्याची पूजा होते. त्यांच्या बोलण्यात ‘भीती’ हा शब्द मी फारसा ऐकला नाही. ‘त्याची वेळ’ हा ऐकला. त्याची वेळ झाली की आपण घरात.

मिसेसना पहिल्यांदा दुपारी अकराला न्या. त्याची ती वेळ नव्हे.

प्रश्न: कारवी फुललेली बघायची राहून गेली. पुन्हा कधी? — एक वाचक, ठाणे

उत्तर: कारवी हे झुडूप आठ वर्षांनी एकदा फुलतं. या डोंगरांत २०१६ला फुलली, २०२४ला फुलली. आता २०३२. तोवर तिच्या काठ्यांवर माती-शेण लिंपून केलेल्या कुडाच्या भिंती बघून घ्या, त्याही कमी होत चालल्यात.

प्रश्न: मुलगी सात वर्षांची. पार्कात नेलं तर दहा मिनिटांत ‘बोअर होतंय’ म्हणते. तिला जंगल आवडावं असं फार वाटतं. कुठला भाग दाखवू? — एक आई, अंधेरी

उत्तर: सात वर्षांच्या मुलीला जंगल दाखवू नका, एक झाड दाखवा. गोरेगावला फिल्म सिटीच्या बाजूला बीएनएचएसचं, म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचं, निसर्ग शिक्षण केंद्र आहे. ही संस्था १८८३पासूनची, आणि हे केंद्र नॅशनल पार्काला अगदी खेटून आहे. आधी फोन करून नोंद करायची. आत आखलेल्या वाटा आहेत, माहिती देणारे आहेत आणि गर्दी म्हणाल तर एखाद्या शाळेची सहल.

तिथं किंवा कुठंही, पानं शिवून घर करणाऱ्या लाल मुंग्यांचं घरटं शोधा. नारळाएवढा हिरव्या पानांचा गोळा फांदीला लटकलेला असतो. घरटं बांधायचं काम चालू असेल तर हातभर अंतरावरून नीट बघा, हात लावू नका, कडकडून चावतात. काही मुंग्या दोन पानांच्या कडा ओढून जवळ धरतात. पानं लांब असतील तर एकमेकींच्या कमरेला धरून साखळी करतात. मग एक मुंगी तोंडात पांढरी अळी घेऊन येते. अळीच्या तोंडातून रेशमाचा धागा निघतो. मुंगी ती अळी या पानाला टेकवते, त्या पानाला टेकवते, पुन्हा या पानाला. सुई-दोरा दोन्ही तीच. माझ्या चौथीच्या वर्गातला एक मुलगा, ज्याला दोन मिनिटं जागेवर बसणं जमायचं नाही, हे अर्धा तास बघत उभा होता. नंतर त्याने एकच विचारलं: “बाई, त्या अळीला घरी कोण सोडतं?” मला उत्तर आलं नाही.

प्रश्न: मी मालाडला राहतो, खोली दहा बाय बाराची. रविवार सोडून सुट्टी नाही. पोरांना घेऊन नॅशनल पार्कात येतो, झाडाखाली चटई टाकून डबा खातो, पोरं पळतात. बाई, तुम्ही ज्या गर्दीला नाकं मुरडता ती गर्दी म्हणजे आम्ही. मंगळवारी येऊरला जायला आम्ही निवृत्त नाही. — एक वाचक, मालाड

उत्तर: तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा लाज वाटली.

माझे वडील गिरणीत होते, आम्ही लालबागला. वर्षातून एकदा ते आम्हा चौघांना लोकलने बोरिवलीला आणायचे. रविवारीच. पितळी डब्यात पुऱ्या आणि बटाट्याची भाजी. आम्ही दहिसर नदीच्या काठाला बसायचो, भोवती आमच्यासारखीच बरीच कुटुंबं. कुणाचा तरी चेंडू आमच्या भाजीत पडला होता. मी पाण्यात पाय सोडले आणि माशांनी ते चावले, बारीक गुदगुल्या होतील इतपत. मी किंचाळले, वडील हसले. ते फारसं हसायचे नाहीत. पुढे दहिसरला घर घेतलं त्याला भाव हे कारण होतं, पण या नदीचं नाव गावाला आहे हेही मनात कुठेतरी होतं. तेव्हा मीही गर्दीच होते, आणि कुणी शहाण्या बाईने तेव्हा नाक मुरडलं असेल तर ते आम्हाला कळलं नाही, हे आमचं नशीब.

एवढंच सांगते, तेही ऐकायचं तर ऐका. रविवारी येताय तर साडेसातच्या सुमाराला आत शिरा. सकाळी फिरायला येणारे परतायला लागलेले असतात आणि सहली अजून बसमध्ये असतात, त्या फटीत दीडेक तास मिळतो. वनराणीच्या, म्हणजे पोरांच्या छोट्या आगगाडीच्या, बाजूला आधी जाऊ नका. नदीच्या बाजूने चाला आणि चटई तिथं टाका. पोरांना पळू द्या. उरलेलं अन्न माकडांना न घालता डब्यात परत न्या, आणि प्लॅस्टिक तर नक्कीच. आणि पोरांपैकी कुणाला पाण्यात पाय सोडून बसावंसं वाटलं तर पाणी किती, ओढ किती हे बघून पाच मिनिटं बसू द्या.

मेथीचं वाक्य मागे घेते. मेथी मी सोमवारी निवडेन, तेव्हा पार्क बंदच असतं.